यंत्र, व्याख्यान आणि रोग्याची खाट

फराळाच्या ताटावर वाचक विचारतील, मॅट्रिक झालेल्या मास्तराने डॉक्टरीच्या शिक्षणात नाक का खुपसावे? उत्तर शेवटी देतो.

शिकवणाऱ्या यंत्राची तरफदारी अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी १९५८ सालीच केली होती. धड्याचे लहान तुकडे करावे, प्रत्येकावर प्रश्न विचारावा, उत्तर चुकले की बरोबर ते तिथल्या तिथे सांगावे आणि ज्याने त्याने आपल्या चालीने पुढे जावे. आज ते यंत्र मोबाइल होऊन खिशात आले आहे. २०१९ च्या अभ्यासक्रमाने एम.बी.बी.एस.ला स्वयंअध्ययनाचे तासही राखून दिले.

यावर व्याख्यानाचे कैवारी गळा काढतात की, गुरुपरंपरा बुडाली! अहो, दीडशे पोरे समोर बसवून तासभर टिपणे वाचायची आणि घंटा होताच उठायचे, यात गुरू कोणता नि शिष्य कोणता? तेही यंत्रच, फक्त प्रश्न न विचारणारे. आमच्या वलगावजवळ पेढी नदीपाशी २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची सरबत्ती. लोकांना विचारीत आणि लोकांकडूनच उत्तर वदवून घेत. शिकवणे म्हणतात ते याला.

मग यंत्राचा जयजयकार करावा काय? तेही नव्हे. यंत्राचा प्रश्न आधी कुणीतरी रचलेला असतो. रोगी मात्र रचून येत नाही. मण्यार चावलेला शेतकरी अपरात्री येतो आणि सांगतो, "पोट दुखून राह्यलं जी." दंशाची खूण बहुधा दिसत नाही, साप चावल्याचे त्यालाच ठाऊक नसते. त्याच्या पापण्या मिटू लागल्या आहेत, हे शिकाऊ डॉक्टरने हेरायचे असते. उशीर झाला तर श्वास थांबतो. ही नजर येते ती खाटेपाशी उभे राहून, जाणत्या डॉक्टराने "तुला काय दिसते?" असे विचारल्याने.

तेव्हा हाडांची नावे आणि औषधांच्या मात्रा खुशाल यंत्राच्या हवाली करा, पण वाचलेला तास प्राध्यापकाने वॉर्डात घालवावा. अमरावतीला १९८४ पासून आणि अकोल्याला २००२ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. वऱ्हाडात रोग्यांची वाण नाही. परंतु यंत्र आले म्हणून प्राध्यापकांच्या जागा कमी करू, असे कुणी कारभारी म्हणेल, तर त्याने ती बचत कुणाच्या जिवावर केली, हे विचारलेच पाहिजे.

आणि विचारणार कोण? आम्हीच. कारण उद्या त्या खाटेवर निजायचे आहे ते आम्हाला.