अंदाजपंचे दाहोदरसे

महूच्या बाजारात रविवारी सकाळी पोहे-जिलेबी खाणाऱ्यांत निम्मे आजी आणि निम्मे माजी फौजी असतात. तिथेच एका रिटायर्ड सुभेदार साहेबांची ओळख झाली. देवासचं जुनं मराठी घराणं. मी आर्मरर आहे म्हटल्यावर त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत .३१५ रायफलच्या पाच रिकाम्या केसेस होत्या. "बघ रे, हे काय आहे?"

केसच्या बुडापासून जरा वर, सगळीकडून एक चकचकीत कडं फिरलेलं होतं. पाचांपैकी तीन केसेसवर. मी एक खिळा वाकवून त्याचं टोक आतून फिरवलं, तर नेमकं त्याच जागी ते अडकलं. आतून खाच पडली होती. म्हणजे पितळ तिथे ताणून पातळ झालं होतं. पुढच्या एखाद्या फायरला केस तिथूनच दोन तुकडे होणार होती.

मी विचारलं, "साहेब, रायफलचा हेडस्पेस कधी मोजलाय?"

"दुकानदाराला विचारलं होतं. तो म्हणाला, बोल्ट बंद होतो ना? मग झालं. आणि .३१५ चा गेज या देशात कोणाकडे नाही."

हा लेख त्या वाक्यावर आहे. त्यातला दुसरा भाग बऱ्याच अंशी खरा आहे, आणि पहिला भाग धडधडीत खोटा आहे. दुसरा खरा असल्यामुळे पहिला खपून जातो, हे माझं दुखणं आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोल्ट बंद झाल्यावर त्याचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा, यांतलं अंतर म्हणजे हेडस्पेस. ३०३ किंवा .३१५ सारख्या रिमवाल्या काडतुसात ते रिमच्या जाडीवर ठरतं. ७.६२ सारख्या बिनरिमच्या काडतुसात खांद्यावर ठरतं. ३०३ साठी फौजेची मर्यादा होती ०.०६४ इंच ते ०.०७४ इंच. ६४ थाउच्या गेजवर बोल्ट बंद झालाच पाहिजे, आणि ७४ थाउच्या गेजवर बंद होता कामा नये. मधला फरक दहा थाउचा, म्हणजे पाव मिलिमीटर. झेरॉक्सचे अडीच कागद. आपला सुतार सुतात मोजतो, आणि एका सुतात असे साडेबारा फरक बसतात. ही गोष्ट डोळ्याने दिसत नाही आणि हाताला कळत नाही. जो म्हणतो "मला हाताला कळतं", त्याच्या हातात मी आमच्या कोतातली किल्लीसुद्धा देणार नाही.

अंतर जास्त झालं की काय होतं? फायर होताच केसची पातळ भिंत फुगून चेंबरला चिकटते. बूड मात्र जाड असतं, ते चिकटत नाही, मागे सरकतं आणि बोल्टवर आपटतं. मधलं पितळ ताणलं जातं. ली-एनफिल्डच्या धर्तीच्या रायफलीत बोल्टचे लग मागच्या बाजूला असतात, त्यामुळे अ‍ॅक्शन थोडी जास्त लवते आणि ताणही थोडा जास्त पडतो. नवीन केस हे एकदा सोसते. तीच केस पुन्हा भरून वापरली तर दर वेळी तिथेच ताण पडतो. मग एक दिवस ती तुटते, गॅस मागे येतो, आणि गॅसच्या वाटेवर नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

आता .३१५ ची गोष्ट. हे काडतूस मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचं, ८×५० आर मॅनलिखर. इंग्रजांच्या काळात सैन्याचं ३०३ काडतूस खाजगी माणसाच्या हाती पडू नये अशी सरकारची भूमिका होती. मग शिकारी आणि संस्थानिकांना वेगळं काही तरी हवं, म्हणून हे काडतूस आलं. बीएसएने ली अ‍ॅक्शनवर त्याच्या स्पोर्टिंग रायफली बनवल्या. स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारी कारखान्यांनी रायफल आणि काडतूस दोन्ही चालू ठेवलं. जगाने ज्याला कधीच रामराम केला ते काडतूस आपल्याकडे शेतकऱ्याच्या, बँकेच्या गार्डच्या आणि माजी सैनिकाच्या परवान्यावर आजही आहे. जगाच्या दृष्टीने दुर्मिळ, आपल्या दृष्टीने रोजचं. म्हणूनच त्याचा गेज परदेशी कॅटलॉगात शोधणं म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आणि वळसा घातलाच तर काय होतं तेही ऐका. ".३१५" हे बोअरचं माप आहे, ८ मिलिमीटरचं इंचात केलेलं भाषांतर. गोळी त्याहून जाड असते, सुमारे .३२३. तसंच "३०३" ची गोळी .३११ च्या आसपास असते. म्हणजे नाव हे माप नव्हे. त्यात मॅनलिखरचं काडतूस ८×५० आर, आणि फ्रेंचांचं लेबेलसुद्धा ८×५० आर म्हणून ओळखलं जातं. नावं जुळी, पण एकाचं दुसऱ्याशी काही देणंघेणं नाही. शिवाय १९३० च्या सुमारास ऑस्ट्रिया आणि हंगेरीने आणलेलं ८×५६ आर आहे, त्याची गोळी .३२९. "आठ एमएमचा गेज पाठवा" म्हणून नातेवाइकाला परदेशात निरोप धाडणाऱ्याच्या घरी यातला कुठलाही तुकडा येऊ शकतो. चुकीचा गेज हा गेज नसण्यापेक्षा वाईट, कारण तो खोटा धीर देतो.

आता विरोधकांकडे वळतो. तीन प्रकारचे भेटतात.

पहिले, "तीस वर्षं मारतोय, काही झालं नाही" वाले. साहेब, तुमच्या तीस वर्षांत तुम्ही किती राउंड मारले? नवीन काडतूस मारून केस फेकून दिली असेल, तर तुम्ही ढिल्या चेंबरची परीक्षा घेतलेलीच नाही. सुभेदार साहेबांच्या पुरचुंडीतल्या केसेससुद्धा तुटल्या नव्हत्या. तुटायच्या बेतात होत्या. अपघात झाला नाही हा पुरावा नसतो, नशीब असतं. फौजेत नशिबाचं रजिस्टर ठेवत नाहीत, इन्स्पेक्शनचं ठेवतात.

दुसरे, कायदेवाले. ते म्हणतात, परवान्याशिवाय काडतूस भरणं गुन्हा आहे, मग गेजची चर्चा कशाला? पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर. १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, आणि मी वर्दीतला माणूस आहे, रीतसर परवानगी नसताना घरी काडतूस भरायला कोणालाही सांगणार नाही. पण निष्कर्ष चुकीचा आहे. हेडस्पेसचा गेज भरलेल्या काडतुसासाठी नसतो, रायफलसाठी असतो. कारखान्याचं सीलबंद काडतूससुद्धा त्याच चेंबरमध्ये जातं. शंभर वर्षांची रायफल, तीन पिढ्यांनी वापरलेली, कधीतरी कोणीतरी बोल्ट बदललेली, ती कायदेशीर काडतुसानेही तोंडावर येऊ शकते. कायदा मोजू नका असं म्हणत नाही. आपणच मोजत नाही.

तिसरे, व्यापारी मंडळी. "मागणीच नाही हो, दहा गेज बनवले तर दोन खपतील." हा युक्तिवाद मी मान्य करतो, त्यात दम आहे. माणसागणिक गेज खपणार नाही. पण तराजू तरी माणसागणिक कुठे असतो? बाजारात एक प्रमाणित काटा असला की अख्खं गाव त्यावर विश्वास ठेवतं. गेजचंही तसंच आहे. जिल्ह्याच्या रायफल क्लबात एक संच पुरे.

त्या दिवशी काय केलं तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हवालदार नुसती लेक्चरबाजी करतो. जवळच पीथमपूर आहे, टूलरूमना तोटा नाही. एका कारागिराकडे गेलो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर काम करणारा माणूस, त्याने एकच प्रश्न विचारला, "ड्रॉइंग कुठाय?" तिथे आमची बोलती बंद झाली. कोणाहीकडे चेंबरचं ड्रॉइंग नव्हतं, ना दुकानदाराकडे, ना क्लबात. देशात हजारोंनी विकलेल्या रायफलचं टॉलरन्स ती वापरणाऱ्याला कुठे वाचायला मिळत नाही, हे मला लाजिरवाणं वाटतं.

मग आम्ही गरिबाघरचा मार्ग घेतला. साहेबांच्याकडच्या न वापरलेल्या काडतुसांच्या रिम मायक्रोमीटरने मोजल्या आणि सगळ्यांत जाड रिमचा आकडा घेतला. कारागिराने त्या जाडीची आणि त्याहून पाच-पाच शतांश मिलिमीटरने वाढत जाणारी, रिमच्या व्यासाची पोलादी चकत्यांची एक पायरी बनवून दिली. फायरिंग पिन आणि एक्स्ट्रॅक्टर काढून, बोटाच्या टोकाने, जोर न लावता बोल्ट बंद करत गेलो. जाड रिमपेक्षा ०.३५ मिलिमीटर जास्त जाडीच्या चकतीवरही बोल्ट आरामात बसला. ३०३ च्या हिशेबाने एवढा फरक फौजेत असता तर रायफल त्याच दिवशी कोतातून बाहेर गेली असती.

पण हा प्रमाणित गेज नव्हता. "रायफल ढिली आहे" एवढं तो सांगू शकला. "रायफल ठीक आहे" असं सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता. हा फरक विसरू नका. घरगुती मापाने नापास करता येतं, पास करता येत नाही.

ज्यांच्याकडे परवानगी आहे आणि जे काडतूस भरतात, त्यांच्याही एका गैरसमजाबद्दल बोलतो. ते कंपॅरेटर वापरतात. म्हणजे केसच्या खांद्यावर बसणारी एक बुश, आणि तिच्यावरून बुडापर्यंत व्हर्निअरने मोजायचं. आपल्याच रायफलमधून सुटलेली केस आणि डायमधून काढलेली केस यांची तुलना करायची, खांदा एक-दोन थाउपेक्षा जास्त मागे ढकलू द्यायचा नाही. उत्तम पद्धत आहे, आणि दुर्मिळ काडतुसाला तर वरदान, कारण साधी खरादावर केलेली बुशही चालते. तिथे खरं माप नको, फरक हवा. पण त्यातून कळतं ते एवढंच की केस तुमच्या चेंबरला जुळते आहे. चेंबर स्वतः धड आहे का, हे त्यातून कळत नाही. वाकड्या भिंतीला वाकडा ओळंबा लावला तर सगळं सरळच दिसणार.

माझी मागणी साधी आहे. एक, जो रायफल बनवतो त्याने चेंबरचं आणि काडतुसाचं ड्रॉइंग टॉलरन्ससह छापून द्यावं. त्यात कसलंही गुपित नाही, काडतूस शंभर वर्षांहून जुनं आहे. दोन, प्रत्येक रायफल क्लबाने वर्गणी काढून गो आणि नो-गो गेजचा एक संच करून घ्यावा, आणि तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कॅलिब्रेट करून ठेवावा. तीन, परवानाधारक दुरुस्तीवाल्याने रायफल परत देताना चिठ्ठीवर हेडस्पेसचा आकडा लिहावा. "चेक केली" असं नको. आकडा. आकडा लिहिणाऱ्याला मोजावंच लागतं.

आणि माजी सैनिकांनो, तुम्हाला वेगळं सांगतो. आपण नोकरीभर कोतातून गेजने तपासलेलं हत्यार घेतलं, म्हणून त्याच्यावर डोळे झाकून गाल टेकवला. तो विश्वास हत्याराचा नव्हता, मागे बसून मोजणाऱ्या कोणा आर्मररचा होता. रिटायर झाल्यावर हत्यार घरी आलं, आर्मरर आला नाही. आता तपासणं तुमच्यावर आहे.

सुभेदार साहेबांनी रायफल क्लबात नेणं बंद केलं आहे. त्यांचा नातू अठरावं संपायची वाट बघत होता, आजोबांच्या देखरेखीखाली पहिला राउंड मारायचा म्हणून. साहेब म्हणाले, "आता गेज मिळेपर्यंत त्याने थांबायचं." मी म्हटलं, "साहेब, हाच खरा पहिला धडा."

ज्या कोणाकडे .३१५ च्या चेंबरचं अधिकृत ड्रॉइंग असेल, त्याने ते आपल्या जवळच्या क्लबाला द्यावं. पीथमपूरचा तो कारागीर अजून वाट बघतोय.

जय हिंद.