घर बदलताना सही कशावर?

मुंबई-ठाणे-पुण्यातल्या जुन्या सोसायट्या हल्ली भराभर पुनर्विकासाला निघाल्यात. 2019च्या शासन निर्णयानंतर 51 टक्के सभासदांची संमती पुरते. त्यामुळे सत्तरीतल्या जोडप्यांपुढे प्रश्न दाराशीच येऊन उभा राहतो. दोन-तीन वर्षं भाड्याच्या जागेत काढायची, की मुलाकडे कायमचं जायचं? तिसऱ्या मजल्यापर्यंत जिना, गुडघे कुरकुरतात आणि बंगळुरूहून मुलाचा रोज फोन, "आई, आता या ना इकडेच!"

जायला हरकत काहीच नाही. पण कुठे राहायचं आणि घर कुणाच्या नावावर करायचं, हे दोन्ही प्रश्न बहुतेक घरांत एकाच बैठकीत, चहा थंड व्हायच्या आत निकालात निघतात. शिवाय महाराष्ट्रात 2015 पासून राहतं घर मुलांना-नातवंडांना बक्षीसपत्राने द्यायला मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये आहे (शहरातला अधिभार निराळा). मग काय, "करून टाकू एकदाचं!" अहो, मृत्युपत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं. बक्षीसपत्र नोंदवलं की घर आपलं राहत नाही.

पुढे मुलांनी पाहिलं नाही तर? 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळ झाला नाही तर परत मागता येतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. सगळी मेख त्या 'अटीवर' या शब्दात आहे. अट नसेल तर हे कलम लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईच्या बाजूने निकाल दिला, तो कायद्याचा उदार अर्थ लावून. पण तिथे मुलाने सांभाळाचं वचन कागदावर दिलेलं होतं. आपल्याकडे आईने मुलाकडून असं लिहून मागायचं म्हणजे जीभच रेटत नाही!

आणि बाईला विचारतं कोण? "आमचं घर म्हणजे ह्यांच्या नावावरचं," असं सहज सांगणाऱ्या कितीतरी जणी मला भेटतात. नॉमिनी म्हणून नाव लागलंय, एवढ्यावर त्या निश्चिंत असतात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे सोसायटीच्या कचेरीत पाऊल टाकेपर्यंत कळत नाही.

मला तर वाटतं, पुनर्विकासाची वर्षं ही आयती रंगीत तालीम आहे. करारात ठरलेलं भाडं बिल्डरने द्यायचं असतं, तुम्ही कुठेही राहा. मग मुलाकडेच राहून बघावं. पावसाळा, दिवाळी, एखादं आजारपण तिथे काढावं. भाजीवाल्याशी बोलता येतं का, दिवसभर घरात कोण असतं, आपल्याला नावाने हाक मारणारं कुणी आहे का, सगळं कळतं. तोवर सभासदत्व आपलंच राहतं.

ओळखीतल्या एक काकू गेल्या वर्षी अशाच गेल्या. निघण्यापूर्वी त्यांनी काकांना एकच सांगितलं: भाडं दोघांच्या जॉइंट खात्यात जमा झालं पाहिजे. काका दोन दिवस फुगून बसले, मग बँकेत गेले.