स्वस्त संगणकाची परीक्षा

प्रगतिपुस्तकांतील एका आंकड्यावरून मुलाची योग्यता ठरवूं नये, हें पालकांस आतां पटूं लागलें आहे. परंतु तेच पालक मुलाकरितां स्वस्त संगणक घ्यावयास गेले म्हणजे खोक्यावरील एका आंकड्यानेंच भुलतात. ‘गिगाहर्ट्‌झ किती?’ एवढें विचारलें कीं परीक्षा संपली! काटकसरीनें सांठविलेला पैसा इतक्यावर देऊन टाकणें आम्हांस मान्य नाहीं.

इंटेल कंपनीच्या सेलेरॉन नांवाच्या स्वस्त प्रोसेसराचें उदाहरण जुनें आहे, पण बोलकें आहे. एप्रिल १९९८ मध्यें निघालेल्या पहिल्या सेलेरॉनाचा वेग २६६ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे सेकंदास २६ कोटी ६० लक्ष ठोके, असा होता. आंकडा भारदस्त खरा. परंतु किंमत उतरविण्यासाठीं त्याची दुय्यम कॅश, म्हणजे प्रोसेसराच्या हाताशीं असणारी लहानशी शीघ्र स्मृति, अजिबात काढून टाकली होती. मिसळणाचा डबा जवळ नसून चिमूटभर हळदीसाठींहि कोठीच्या खोलींत जावें लागलें, तर गृहिणीचे हात कितीहि चपळ असोत, जेवणास उशीर हा व्हावयाचाच. ज्या जुन्या पेंटियमांची जागा घ्यावयास हा आला, त्यांच्याहि मागें तो कचेरीच्या कामांत कित्येकदां पडला. गंमत अशी कीं, ‘क्वेक टू’सारख्या खेळांत त्याची तितकी नाचक्की झाली नाहीं, कारण तेथें अपूर्णांकी गणित फार, आणि तो विभाग महागड्या पेंटियम टू चाच होता. मग हा प्रोसेसर हुशार कीं मठ्ठ?

त्याच वर्षीं ऑगस्टांत ‘३०० ए’ निघाला. ठोके वाढले अवघे ३४ मेगाहर्ट्‌झनें. पण १२८ किलोबाइट कॅश चिपेवरच बसविली, व ती पूर्ण वेगानें चाले. एवढ्यानें स्वारीचा नूरच पालटला! हौशी लोकांनीं तर मदरबोर्डाचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ करून त्यास ४५० मेगाहर्ट्‌झपर्यंत पळविलें, आणि तो कितीतरी महाग पेंटियम टू च्या पंक्तीस बसला. (आमच्या विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग शाळेच्या यंत्रांवर करूं नये, प्रत्येक चिपेस तो ताण सोसत नाहीं.)

तेव्हां दुकानांत जातांना मुलाचें रोजचें काम बरोबर न्यावें. दोन यंत्रांची तुलना करावयाची तर स्मृति व डिस्क सारखी असलेलीं यंत्रें मागावीं, तेंच काम तीनतीनदां करवून घड्याळ लावावें, आणि अर्धा तास राबविल्यावर पुन्हां एकदां पाहावें; कारण तापलेला प्रोसेसर पुष्कळदां आपला वेग आपणच उतरवितो. दुकानदार कुरकुर करील. करूं द्यावी.