१२ लाखांची जर्मन गाडी १२ लाखांची नसते



गेल्या महिन्यात विट्याची कार्यशाळा संपल्यावर फॅब्रिकेशनचं काम करणारा एक तरुण माझ्यासोबत पार्किंगपर्यंत आला. माझी गाडी बघितली, बॉनेटवरून हात फिरवला आणि म्हणाला, "सर, अशीच एक बघून ठेवलीय. १२ सांगतोय, १० ला देईल. रोज वापरायला घेऊ का?" मी विचारलं, पैसे कुठले? तर लेझर कटिंग मशीनच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले. "मशीन काय, सहा महिन्यांनी पण घेता येईल."

मी नको म्हटलं. तो हसला. "तुम्ही स्वतः फिरवताय की सर!"

बरोबर आहे त्याचं. तिथं उभ्या उभ्या नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून आज लिहितोय. व्हिडिओत एवढे आकडे सांगायला लागलो की तुम्ही पुढे ढकलता, मला माहितीये!

माझी गाडी २०१४ ची, डिझेल. २०२१ मध्ये साडेअकरा लाखांना घेतली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते थ्री सिरीज घ्या, सी क्लास घ्या नाहीतर ए ४ घ्या, थोड्याफार फरकानं सगळीकडे लागू आहे. नवी असताना ती ४० लाखांच्या घरातली होती. आता मुद्दा असा की गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. तुम्ही गाडी घेता नव्या मारुती-ह्युंदाईच्या भावात, पण दुरुस्ती करता ४० लाखांच्या गाडीची. आणि ती गाडी आता दहा वर्षांची झालेली असते. म्हणजे रबर कडक झालेलं, प्लास्टिकचे पाईप ठिसूळ झालेले. आधीच्या मालकानं नेमकी याच टप्प्यावर विकलीय, आणि तो काही वेडा नव्हता.

चार वर्षांत मी ६२,००० किलोमीटर चालवली. विमा आणि डिझेल सोडून खर्च ४ लाख ६० हजार. वहीत लिहून ठेवलाय, कारण तुम्हाला हिशेब ठेवा सांगायचं आणि स्वतः नाही ठेवायचा, हे जमत नाही. किलोमीटरला साधारण ७ रुपये ४० पैसे झाले. हायवेला ती १५ चं मायलेज देते, म्हणजे डिझेल सहा रुपयांच्या आसपास. थोडक्यात, दुरुस्ती डिझेलपेक्षा महाग! मायलेज विचारून गाडी घेणाऱ्यांनी हे दोनदा वाचा.

यात साध्या साध्या गोष्टी आहेत. टायर रनफ्लॅट, हवा गेली तरी काही अंतर चालतात, म्हणून डिकीत स्टेपनीच नाही. ऐकायला छान वाटतं. पण त्या टायरची बाजू कडक असते आणि आपले खड्डे तुम्हाला माहीत आहेत. गावातला पंक्चरवाला हात लावत नाही. बॅटरी बदलली तर नवी बॅटरी बसवल्याचं गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावून कळवावं लागतं. गिअरबॉक्सचं तेल "आयुष्यभर बदलायची गरज नाही" असं सांगणारे भेटतील. पण अशा बऱ्याच गाड्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनीच ते बदलायला सांगते. माझे त्यात ४६ हजार गेले.

आणि मग चेन. काही जर्मन डिझेल इंजिनांत टायमिंग चेन पुढे नसते, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला असते. चेन एवढी महाग नाही, पण तिथपर्यंत हात पोचवायला गिअरबॉक्स नाहीतर आख्खं इंजिन उतरवावं लागतं. सकाळी पहिल्यांदा चालू केली की घासल्यासारखा आवाज यायचा. मी दोन महिने रेडिओचा आवाज वाढवून चालवली. शेवटी कराडहून टो करून पुण्याला न्यावी लागली. बिल १ लाख ६० हजार.

तारीख महत्त्वाची आहे, सप्टेंबर २०२२. माझं खोक्यांचं युनिट तुम्हाला माहीत आहे. दिवाळीच्या आधी मिठाईच्या बॉक्सचा सीझन, डुप्लेक्स बोर्ड रोखीनं उचलावा लागतो. मी बिल भरलं सीसी खात्यातून. महिन्याभरात येतील पैसे, म्हटलं. आले नाहीत. एका जुन्या मिठाईवाल्याची १२,००० बॉक्सची ऑर्डर नाही म्हणावी लागली, बोर्ड उचलायला पैसेच नव्हते. कारण काय सांगू त्यांना? गाडीची चेन? "माल शॉर्ट आहे" म्हटलं. त्यांनी दुसरा माणूस धरला आणि आजतागायत तिथंच आहेत. ते नुकसान वहीत कुठल्या पानावर लिहायचं, मला अजून कळलेलं नाही.

काही प्रशिक्षक सांगतात, मोठ्या गाडीतून उतरलात की गिऱ्हाईक मान देतं, ऑर्डर मिळते. माझा अनुभव सांगू? गाडी बघून एका खरेदी मॅनेजरनं मला रेट कमी करायला लावला. "तुमचं मार्जिन दिसतंय की बाहेर उभं!" म्हणाला. हसण्यावारी नेलं, पण रेट कमी करावाच लागला. करात वाचेल, असंही ऐकाल. व्यवसायाच्या नावावर गाडी घेतली तर घसारा मिळतो, खरं आहे. पण अशा गाडीच्या खरेदीवर, दुरुस्तीवर आणि विम्यावर जीएसटीचं क्रेडिट तुमच्या-माझ्यासारख्या धंद्याला मिळत नाही. आपल्या सीएला विचारून घ्या.

मग मी का ठेवलीय? आवडते म्हणून. पुण्याहून परतताना खंबाटकी चढायला लागलो, की ती जशी वळणं घेते ना, दिवसभराच्या मीटिंगा विसरायला होतात. पाच तास चालवून पाठ दुखत नाही. ही हौस आहे आणि मी तिला हौसच म्हणतो, गुंतवणूक म्हणत नाही. आता तिचा पैसा माझ्या पगारातून जातो, युनिटमधून एक रुपया नाही. घरात दुसरी साधी गाडी आहे, त्यामुळे ही पंधरा दिवस पुण्याला पडून राहिली तरी डिलिव्हरी थांबत नाही. आणि तीन लाख वेगळ्या एफडीत आहेत, फक्त तिच्यासाठी.

तुमच्याकडे या तिन्ही गोष्टी असतील तर घ्या, मी अडवणार नाही. १० ची गाडी असेल तर १३ चं बजेट धरा. पुण्या-मुंबईत त्याच गाड्यांचं काम करणारा खासगी मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर. चेसिस नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास काढा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा; मुळाशी वाळलेला गाळ दिसला तर ती पुरातली गाडी आहे. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेलवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, त्यात एनओसी आणि इकडचा रोड टॅक्स धरून भाव करा.

विट्याच्या मित्रा, मशीनचं कोटेशन आणि गाडीचे फोटो दोन्ही मला पाठव. आणि गाडी बघायला जाशील तेव्हा सकाळी लवकर जा, बॉनेटला हात लाव. गरम लागलं तर विकणाऱ्यानं ती आधीच चालू करून ठेवलीय. त्याला सांग, उद्या परत येतो, तोवर किल्ली लावू नका.