शेतराखणीस बंदूक कोणती?

आश्विन लागला म्हणजे पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ येथील शेतकऱ्याची झोप उडते. इंद्रायणी भाताच्या लोंब्या दुधात आल्या, की रानडुकरांचा कळप डोंगर उतरून खाचरांत शिरतो. खातो त्याहून तुडवितो अधिक. माळ्यावर बसून डबे बडविण्याचा उपाय जनावरास चार दिवसांत कळून चुकतो. मग बंदुकीची आठवण होते.

पिकाच्या राखणीसाठी परवाना मागणाऱ्यास १९५९ चा शस्त्र कायदा प्रथम ठासणीची बंदूक देऊ करतो. नळीत दारू ओतावी, बोळा गजाने ठासावा, छर्रे सोडून पुन्हा ठासावे, केप चढवावी. आणि लोणावळ्याकडील ओलसर हवेत दारू सादळली नसेल तर बार उडावा! जखमी डुक्कर उलटल्यावर दुसरा बार भरण्यास सवड कोण देणार?

उलटपक्षी, हौशी संग्राहक ज्या जुन्या पंप-ॲक्शन बंदुकांवर जीव टाकतात, त्यांची रचना पाहा. ब्राउनिंगने योजिलेल्या १८९७ च्या विंचेस्टरमध्ये नळीखालची मूठ मागेपुढे सारली, की रिकामे काडतूस बाहेर पडून नवे घरात बसते. अशी पाच काडतुसे तिच्या कोठारात मावतात. कपाटात शोभण्याजोगी ती ठासणीची, कामास येण्याजोगी ही. आणि वाटणी मात्र नेमकी उलट! २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसास दोनच शस्त्रे ठेविता येतात. तेव्हा वडिलार्जित बंदुकांतून निवड करणाऱ्याने हा विचार अवश्य करावा.

सुदैवाने त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात एक वाट आहे. ठासणीची बंदूक राखणीस अपुरी पडते अशी अधिकाऱ्याची खात्री झाल्यास, वीस इंचांहून आखूड नळी नसलेली दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक त्यास मंजूर करिता येते. आमच्या शेतकरी बंधूंनी हे कलम अर्जात स्पष्ट लिहावे व नुकसानीचे पंचनामे सोबत जोडावे.

मात्र जुन्या बंदुकीच्या मोहात सावधपणा सोडू नये. १८९७ च्या बंदुकीचा घोडा दाबून धरून मूठ पुढे सारली, तर काडतूस आपोआप उडते. काही जुन्या नळ्यांचे घर आजच्या काडतुसास आखूडही पडते. जाणत्या कारागिरास दाखविल्यावाचून त्या उडवू नयेत.

आणखी एक गैरसमज. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली, १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकास उपद्रव देणारे जनावर मारावयाचे तर ११ व्या कलमाप्रमाणे वनखात्याच्या अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी हुकूम हवा. तो कापणीनंतर मिळून काय उपयोग? अर्ज श्रावणातच करावे. आणि खात्यानेही लोंब्या भरण्यापूर्वी त्यांचा निकाल लावावा, अशी आमची मागणी आहे.