इंजिन ऑइल घेताना ब्रँड नव्हे, आधी ग्रेड पाहा

नाशिकमध्ये सातपूर असो वा द्वारका, सर्व्हिसिंगला गाडी लावली की गॅरेजवाल्याचा प्रश्न ठरलेला, ‘ऑइल कुठल्या कंपनीचं टाकू?’ खरा प्रश्न ग्रेडचा आहे. डब्यावरच्या ‘सिंथेटिक’ शब्दालाही भुलू नये. १९९९ मध्ये अमेरिकेतील कॅस्ट्रॉल-मोबिल जाहिरात वादात कॅस्ट्रॉलच्या बाजूनं निकाल लागला. तेव्हापासून खनिज तेलावर प्रक्रिया केलेलं ‘ग्रुप ३’ बेस ऑइलही सर्रास सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते वाईट नाही. पण ‘ग्रुप ४’ म्हणजेच पीएओ वेगळं. डीपीएफ असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीत मात्र कमी राखेचं ऑइल नसेल, तर फिल्टर लवकर तुंबतो आणि भुर्दंड मालकालाच. त्यामुळे आधी मॅन्युअल उघडा. व्हिस्कॉसिटी आणि त्यात दिलेलं एपीआय किंवा एसीईए मानक जुळलं, की ब्रँड परवडेल तो घ्या.