सरासरीने झाकलेले दोष

२९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकुशिमा बेटाजवळ अमेरिकी वायुदलाचे ‘ऑस्प्रे’ विमान समुद्रात कोसळले आणि आठही जवान मृत्युमुखी पडले. त्याआधीच्या वीस महिन्यांत नॉर्वे, कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलिया येथील अपघातांत बारा जणांचा बळी गेला होता. हेलिकॉप्टरप्रमाणे सरळ वर उठणारे आणि मग पंखांच्या टोकांवरील रोटर पुढे कलवून विमानाच्या वेगाने जाणारे हे यान. त्याला मृत्यूचा सापळा म्हणणारे आणि त्याला निर्धोक ठरविणारे, असे दोन तट पडले आहेत. दोघांच्याही हाती आकडे आहेत. मग विश्वास कोणावर ठेवायचा?

टीकाकार मृतांची बेरीज मांडतात. परंतु नॉर्वेतील अपघातात दोष यंत्राचा नव्हता. डोंगरदरीत कमी उंचीवर मर्यादेबाहेर वळण घेतल्याने तो घडला, असे चौकशीत आढळले. सर्व बळी एकाच खात्यावर टाकणे न्याय्य नव्हे. समर्थक दर एक लाख उड्डाण-तासांमागील गंभीर अपघातांचे प्रमाण दाखवितात. ही मोजपट्टी आवश्यक आहे, पण अचल नाही. विमानाचे किती नुकसान झाले म्हणजे अपघात ‘गंभीर’ ठरतो, याची मर्यादा अमेरिकेने २००९ मध्ये दहा लाख डॉलरवरून वीस लाखांवर व पुढे पंचवीस लाखांवर नेली. शिवाय २००७ मध्ये विमान सेवेत येण्यापूर्वी चाचणीच्या काळात तीस जण गेले. सेवाकाळाच्या सरासरीत त्यांना स्थान नाही.

म्हणून खरी कसोटी वेगळीच आहे. दोष कळल्यावर तो दूर करण्यास किती काळ लागला? २००० साली अ‍ॅरिझोनात वेगाने खाली उतरताना रोटर स्वतःच्याच हवेच्या भोवऱ्यात सापडून १९ मरीन सैनिक ठार झाले. त्यानंतर उतरण्याच्या वेगावर कठोर मर्यादा आली, प्रशिक्षण बदलले. येथे यंत्रणा शिकली. क्लच निसटून अचानक पुन्हा जोडला जाण्याचा दोष मात्र २०१० मध्येच दिसला होता. संबंधित भाग ठरावीक तासांनी बदलण्याची सक्ती झाली ती २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियात पाच जण गेल्यानंतर! याकुशिमाच्या चौकशीनेही गिअरबॉक्समधील तडकलेल्या दातेरी चाकासोबत, वारंवार इशारे मिळूनही उड्डाण चालू ठेवण्याच्या निर्णयाला कारण मानले. परंतु गिअरबॉक्सच्या धोक्याची पुरेशी कल्पना दलांना दिली गेली नव्हती, हेही त्याच चौकशीत उघड झाले. ज्याला धोका सांगितलाच नाही, त्याच्या निर्णयावर किती भार टाकायचा?

नोंदच खोटी असेल, तर सरासरीला काय अर्थ उरतो? २००१ मध्ये देखभालीच्या नोंदी खोट्या लिहिण्यास सांगितल्याच्या आरोपावरून ऑस्प्रेच्या एका तुकडीप्रमुखाला पदावरून दूर करावे लागले होते.

भारतीय वाचकाला हा वाद परका नाही. १९६३ ते २०२५ अशी दीर्घ सेवा बजावलेल्या मिग-२१ विषयीही आपण ‘उडती शवपेटी’ आणि ‘आकाशाचा आधार’ या दोन टोकांवरूनच बोललो. विमानाची निंदा वा स्तुती करणे सोपे आहे. प्रत्येक अपघाताचे कारण, ते प्रथम कधी कळले आणि त्यावर काय केले, हे देशापुढे मांडणे अवघड आहे. सैनिक शत्रूपुढे प्राण पणाला लावण्यास सिद्ध असतो. कार्यालयात आधीच ठाऊक असलेल्या दोषासाठी ते प्राण मागण्याचा अधिकार कोणालाही नाही.